मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० : टेबलात 'खंत' एकदाच आहे, तरी डुप्लिकेट कशी?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका वाचनालयाची ग्रंथसूची आणि तिला जोडलेली मालवणी-मराठी शब्दसूची मी सांभाळतो. पीएचपी (संकेतस्थळाची भाषा) आणि मायएसक्यूएल ५.७ (डेटाबेस), साधं सरळ प्रकरण. होस्टिंगवाल्यांनी आता ५.७ चे सर्व्हर बंद करायला काढलेत. नव्या सर्व्हरवर ८.० आहे, जुना महिनाअखेरपर्यंत चालू राहील.

जुन्या सर्व्हरवर मायएसक्यूएलडंप (सगळ्या टेबलांची एक मजकूर-फाइल) घेतला, नव्यावर चढवायला लागलो. ग्रंथसूची चढली. शब्दसूचीला मात्र मध्येच थांबला:

त्रुटी १०६२ : डुप्लिकेट एंट्री 'खंत', युनिक की 'शब्द'

युनिक की आहे, म्हणजे एक शब्द दोनदा चालत नाही. जुन्या टेबलात शोधलं. 'खंत' एकच आहे. ती ओळ डंपमधून काढून पाहिली तर पुढे 'रांग' वर अडला. तीही एकच. डंप खराब झालाय म्हणावं तर दुसऱ्यांदा घेतलेला डंपही त्याच जागी अडतो. काय तपासू?

जुनंसोनं

चालतंय ना ५.७? मग कशाला हात लावायचा? दुसरा होस्ट बघा, ५.७ देणारे अजून आहेत.

नाना_सर्व्हरवाले

@जुनंसोनं, ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. ५.७.४४ ही शेवटची आवृत्ती, त्यानंतर भोक सापडलं तर बुजवायला कोणी नाही. जगाला उघड्या संकेतस्थळामागे ते ठेवू नये. आणि ८.० चीही मुदत एप्रिल २०२६ चीच आहे, म्हणजे खाडीकाठ यांना पुढे ८.४ वर जायचंच आहे. ५.७ वरून थेट ८.४ वर उडी मारता येत नाही, मधे ८.० लागतंच. तेव्हा हा टप्पा चुकणार नाही.

@खाडीकाठ, तीन गोष्टी सांगा. एक, जुन्या सर्व्हरवर त्या टेबलाचं 'शो क्रिएट टेबल' (रचना दाखवणारी आज्ञा) काय दाखवतं? शेवटची ओळ नीट बघा. दोन, नव्या सर्व्हरवर तेच काय दाखवतं? तीन, जुन्या टेबलात 'खत' आहे का?

खाडीकाठ

जुना : डिफॉल्ट कॅरसेट = यूटीएफ८एमबी४. पुढे काही नाही.
नवा : डिफॉल्ट कॅरसेट = यूटीएफ८एमबी४, कोलेट = यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय.

'खत' आहे. 'राग' पण आहे. पण ते वेगळे शब्द आहेत हो!

नाना_सर्व्हरवाले

तुमच्या-माझ्यासाठी वेगळे. ०९००_एआय_सीआय साठी नाहीत. सापडलं.

कॅरसेट म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, कोलेशन म्हणजे त्यांच्या तुलनेचे आणि क्रमाचे नियम. ५.७ मध्ये यूटीएफ८एमबी४ चं ठरीव कोलेशन 'जनरल_सीआय' होतं. ८.० मध्ये ते '०९००_एआय_सीआय' झालं. टेबल ठरीव कोलेशनवर असेल तर ५.७ चा डंप कोलेशनचं नाव लिहीतच नाही, नुसता कॅरसेट लिहितो. तोच डंप ८.० ने वाचला की मोकळ्या जागी तो स्वतःचं ठरीव कोलेशन घालतो. डंपमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, पण टेबल दुसऱ्याच नियमाने जन्माला येतं.

त्याच जागी फायली ठेवून अपग्रेड केलं असतं, म्हणजे ५.७ च्या डेटा डिरेक्टरीवरच ८.० चालू केला असता, तर जुन्या टेबलांचं कोलेशन तसंच राहिलं असतं. डंप घेऊन चढवणारेच यात सापडतात.

तपशीलप्रिय

नानांचं निदान बरोबर. खत आणि खंत एक का होतात ते लिहितो, कारण देवनागरी मजकूर असणाऱ्या प्रत्येकाला हे कधीतरी भोवणार आहे.

०९०० म्हणजे युनिकोडच्या क्रमवारी नियमांची ९.०.० ही आवृत्ती. त्या तक्त्यात प्रत्येक चिन्हाला पातळ्यांनुसार वजनं दिलेली असतात. पहिली पातळी मूळ अक्षराची, दुसरी वरच्या-खालच्या खुणांची, तिसरी लहान-मोठ्या लिपीची. क, ख, काना, वेलांटी, हलन्त यांना पहिल्या पातळीचं वजन आहे. अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) यांना पहिल्या पातळीवर शून्य, वजन फक्त दुसऱ्या पातळीवर. फ्रेंचमधल्या ई वरची तिरकी रेघ आणि आपला अनुस्वार त्या तक्त्यात एकाच रांगेत बसलेत.

एआय प्रकारचं कोलेशन फक्त पहिली पातळी बघतं. म्हणून खत = खंत, राग = रांग, पत = पंत, भाडे = भांडे, चिता = चिंता. जनरल_सीआय ला असलं शास्त्र नाही. देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट (चिन्हाचा युनिकोड क्रमांक) त्याला वेगळा दिसतो, म्हणून ५.७ मध्ये सगळं सुखात होतं.

आता खरी गंमत. खाडीकाठ, तुमच्या टेबलात 'दर्या' आणि 'दऱ्या' दोन्ही असतील. कोकणातली सूची आहे, नसतील तर नवल. 'ऱ' हे अक्षर युनिकोडच्या हिशेबात र अधिक नुक्ता. नुक्ता दुसऱ्या पातळीवर, म्हणजे ०९००_एआय_सीआय मध्ये समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या एक झाल्या.

शिवाय जुन्या फॉन्टांतून रूपांतर केलेल्या मजकुरात 'ऱ्या' पुष्कळदा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने टंकलेला असतो : दर्‍या. पडद्यावर फरक दिसत नाही. युनिकोड तक्त्यात या अदृश्य चिन्हाला कुठल्याच पातळीवर वजन नाही. म्हणजे खुणा ओळखणारं ०९००_एएस_सीआय घेतलंत, तर खत-खंत वेगळे होतील, दर्या-दऱ्या वेगळे होतील, पण अदृश्य चिन्हवाला 'दर्‍या' गुपचूप समुद्रात जाऊन पडेल. जनरल_सीआय मध्ये हे तिन्ही वेगळे.

मीनल_क

बाप रे. आमच्याकडे सभासदांच्या आडनावांवर युनिक की आहे. पंत आणि पत... पत आडनाव असतं का कुणाचं? 😀

तपशीलप्रिय

आडनावावर युनिक की हाच वेगळ्या धाग्याचा विषय आहे 😀

खाडीकाठ

तपशीलप्रिय, दंडवत. 'दर्या' आणि 'दऱ्या' दोन्ही आहेत, आणि 'दऱ्या' दोन प्रकारे टंकलेला आहे, हेही आत्ताच बघितलं. २०११ च्या सुमाराची नोंद जुन्या फॉन्टमधून आणलेली, दुसरी नंतरची.

आमच्या सूचीत 'खय' आणि 'खंय' या मुद्दाम दोन नोंदी आहेत, 'थय-थंय' तसंच. गावागणिक उच्चार वेगळा म्हणून दोन्ही ठेवल्यात. मग आता करायचं काय? युनिक की काढून टाकू का?

नाना_सर्व्हरवाले

की काढू नका. आज की काढाल, उद्या खऱ्या दुहेरी नोंदी शिरतील आणि कळणारही नाही.

माझं मत : हलवताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आवृत्ती बदलताय ना, मग कोलेशन जुनंच ठेवा. जनरल_सीआय. असं करा :

डंप दोन भागांत घ्या. एका फायलीत फक्त टेबलांची रचना (नो-डेटा पर्याय), दुसरीत फक्त मजकूर (नो-क्रिएट-इन्फो). रचनेच्या फायलीत प्रत्येक यूटीएफ८एमबी४ पुढे 'कोलेट = यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय' स्पष्ट लिहा. फाइल छोटी असते, डोळ्यांनी वाचून होते. सगळ्या डंपवर शोधा-बदला चालवू नका, मजकुरात तसेच शब्द असले तर तेही बदलतील.

नवा डेटाबेस तयार करतानाही हेच कोलेशन द्या. हे फार जण विसरतात. जुनी टेबलं जनरल_सीआय मध्ये येतात, पण डेटाबेसचं ठरीव ०९०० च राहतं. सहा महिन्यांनी कोणीतरी नवं टेबल बनवतं, जुन्याशी जोडायला जातं आणि १२६७ क्रमांकाची त्रुटी येते : इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स. तोपर्यंत अपग्रेड कोणाच्या डोक्यातही नसतं.

डिबगरसाहेब

'डिफॉल्ट_कोलेशन_फॉर_यूटीएफ८एमबी४' नावाचं सर्व्हरचं एक चल (सेटिंग) आहे, ते जनरल_सीआय वर ठेवून डंप चढवला की रचनेला हात लावावा लागत नाही.

नाना_सर्व्हरवाले

आहे, पण ते मायएसक्यूएलच्या अंतर्गत वापरासाठी आहे आणि त्यावर निवृत्तीचा शिक्काही बसलाय. शिवाय ते बदलायला जे अधिकार लागतात ते शेअर्ड होस्टिंगवर मिळायचे नाहीत. फाइलीत लिहिलेलं कोलेशन पुढच्या माणसाला दिसतं तरी.

तपशीलप्रिय

नानांशी सहमत, एक पुस्ती जोडून. जनरल_सीआय वर कायमचं बसू नये. ८.० स्थिरावलं की शब्दसूचीपुरतं ०९००_एएस_सीआय वर जावं. पण त्याआधी सफाई :

जुन्या सर्व्हरवर असतानाच 'र, हलन्त, अदृश्य चिन्ह' हा क्रम शोधून त्याजागी 'ऱ, हलन्त' घाला. बाकीची अदृश्य चिन्हं सरसकट उडवू नका. काही ठिकाणी जोडाक्षर मुद्दाम आडवं दाखवायला ती घातलेली असतात.

मग ८.० च्या चाचणी सर्व्हरवर टेबल युनिक कीशिवाय चढवा आणि नव्या कोलेशनने गट पाडून एकाहून जास्त ओळींचे गट काढा, ग्रुप_कॉन्कॅटने शब्द शेजारी शेजारी मांडून. जी यादी येईल ती माणसाने वाचायची.

शोधाला मात्र एआय चं सैलपण फायद्याचं आहे. वाचकाने 'खय' टंकलं आणि 'खंय' पण सापडलं तर तो खूशच होईल. तेवढ्या क्वेरीत तुलनेपुढे कोलेट लिहून ०९००_एआय_सीआय मागा. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरला जाणार नाही, पण तुमच्या आकाराच्या टेबलाला ते जाणवायचंही नाही. किल्ली कडक, शोध सैल.

मीनल_क

धागा वाचून आमच्याकडे कालच हलवाहलव केली, कोलेशन ०९०० च राहू दिलं (आमचा मजकूर बहुतेक इंग्रजी). सगळं चढलं. पण काही सभासदांना लॉगिन होईना. नाव तेच, पासवर्ड तोच. कोलेशनचाच प्रताप असेल का?

तपशीलप्रिय

नावाच्या शेवटी मोकळी जागा आहे का बघा. जुनी कोलेशनं तुलना करताना शेवटच्या रिकाम्या जागा मोजत नसत, ०९०० वाली मोजतात. 'पुणे' आणि 'पुणे␣' पूर्वी समान, आता भिन्न.

मीनल_क

तेच निघालं! एक्सेलमधून आयात केलेली नावं, शेवटी स्पेस. ट्रिम केलं, सगळे आत. धन्यवाद 🙏

खाडीकाठ

प्रगती कळवतो. रचना आणि मजकूर वेगळा घेतला, जनरल_सीआय लिहिलं, दोन्ही सूच्या पूर्ण चढल्या. ओळींची संख्या जुळली. 'दऱ्या' च्या दोन नोंदी एक केल्या.

आता पीएचपी जोडायला गेलो तर : 'सर्व्हरने मागितलेली ओळखपद्धत क्लायंटला ठाऊक नाही, कॅशिंग_शा२_पासवर्ड'. पीएचपी ७.१ आहे.

डिबगरसाहेब

८.० मध्ये नवं खातं बनवलं की ठरीव पद्धत कॅशिंग_शा२_पासवर्ड. जुनी मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड होती. तुमच्या पीएचपीला नवी येत नाही. पीएचपी ७.४ पासून ती नीट चालते.

तात्पुरता उपाय : अल्टर यूझर करून त्या एका खात्याला नेटिव्ह पद्धत द्या. पण खरंच तात्पुरता. ८.४ मध्ये नेटिव्ह पद्धत ठरीव बंद असते आणि ९.० मधून ती काढूनच टाकलीय.

याहून जुनी पीएचपी असणाऱ्यांना आधी 'सर्व्हरने पाठवलेला २५५ क्रमांकाचा कॅरसेट माहीत नाही' असं दिसतं. तो २५५ म्हणजे आपलं हेच ०९००_एआय_सीआय. वरच्या सगळ्या रामायणाचा नायक.

पोस्टग्रेसप्रेमी

म्हणून सांगत असतो, मायएसक्यूएल सोडा, पोस्टग्रेस डेटाबेस वापरा.

नाना_सर्व्हरवाले

पोस्टग्रेसवाल्यांनी क्रमवारीवरून हसू नये. २०१८ च्या जीलिबसी २.२८ मध्ये (लिनक्सची मूळ लायब्ररी) क्रमवारीचे नियम बदलले. डेबियन १० किंवा रेडहॅट ८ या लिनक्सवर गेलेल्यांचे मजकुराचे इंडेक्स डेटाबेसची आवृत्ती न बदलताही बिघडले, कारण इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि तुलना नव्या क्रमाने. रीइंडेक्स करेपर्यंत असलेली ओळ सापडत नाही. मायएसक्यूएल निदान त्रुटी दाखवून थांबला.

पोस्टग्रेसप्रेमी

मान्य. तो आठवडा विसरलो नाहीये.

कुतूहल

मारियाडीबीवर (मायएसक्यूएलमधून फुटून निघालेला डेटाबेस) गेलं तर या भानगडी टळतील?

डिबगरसाहेब

५.७ वरून जाणं तुलनेने सोपं. पण एकदा ८.० वर ०९०० ची टेबलं झाली की तो डंप जुन्या मारियाडीबीवर चढत नाही, 'अननोन कोलेशन' म्हणतो. खाडीकाठ यांचं आता जुळलंय, तिसरीकडे नेऊ नका.

खाडीकाठ

पीएचपी ८ घेतली (होस्टच्या पॅनेलमध्ये होती), जोडणी झाली. बहुतेक पानं चालतात, दोन तक्रारी उरल्यात.

१. वाचनस्पर्धेचं पान उघडत नाही. त्रुटी १०६४, वाक्यरचना चूक. क्वेरीत 'रँक' नावाचा स्तंभ आहे. गंमत म्हणजे दुसऱ्या पानावर तोच स्तंभ व्यवस्थित चालतो.

२. लेखकांची अनुक्रमणिका विस्कटली. पूर्वी अकारविल्हे यायची.

डिबगरसाहेब

१. ८.० मध्ये विंडो फंक्शन्स आली आणि रँक, ओव्हर, विंडो, रो_नंबर, लॅग, लीड, ग्रुप्स, सिस्टिम असे बरेच शब्द राखीव झाले. चालणाऱ्या पानावर तो टेबलाच्या नावापुढे टिंब देऊन लिहिला असणार. टिंबानंतरचा शब्द नाव म्हणूनच वाचला जातो, तिथे राखीवपणा आड येत नाही. नुसता लिहिला तिथे उलट्या अवतरणचिन्हांत घाला.

२. क्वेरीत ग्रुप बाय आहे आणि ऑर्डर बाय नाही, बरोबर? ५.७ पर्यंत ग्रुप बाय आपसूक क्रम लावून द्यायचा. ८.० मध्ये ते बंद झालं. ऑर्डर बाय लिहा. हा प्रकार जास्त वाईट, कारण त्रुटी येत नाही, फक्त उत्तर बदलतं.

नाना_सर्व्हरवाले

मागून वाचणाऱ्यांसाठी : हे शोधत बसण्यापेक्षा मायएसक्यूएल शेलमधलं 'चेक_फॉर_सर्व्हर_अपग्रेड' हे साधन जुन्या ५.७ वर आधी चालवा. राखीव शब्दाचं नाव दिलेली टेबलं, जुने कॅरसेट, काढून टाकलेले एसक्यूएल मोड यांची यादी देतं. तुमच्या पीएचपीतल्या क्वेऱ्या मात्र ते वाचत नाही.

स्वतःचा सर्व्हर चालवत असाल तर सेटिंगच्या फायलीत क्वेरी_कॅशची ओळ आहे का बघा. ८.० मधून क्वेरी कॅश काढलाय आणि ती ओळ सापडली की सर्व्हर उठतच नाही, 'अननोन व्हेरिएबल' म्हणून बसतो. एसक्यूएल मोडमधलं नो_ऑटो_क्रिएट_यूझर तसंच. ८.०.१६ पासून 'व्हॅलिडेट-कॉन्फिग' पर्यायाने फाइल आधी तपासता येते. बायनरी लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) ८.० मध्ये आपसूक चालू असतो आणि ३० दिवस साठवतो. छोट्या डिस्कवर तोच भरून सर्व्हर आडवा होतो. रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप प्रत) नसेल आणि वेळ धरून मागे जायची गरज नसेल तर बंद करा किंवा मुदत कमी करा.

आणि ८.० वरून ५.७ वर परत उतरता येत नाही. अपग्रेडपूर्वीची प्रत हीच परतीची वाट. खाडीकाठ, जुना सर्व्हर बंद होण्याआधी एक पूर्ण डंप घरच्या डिस्कवर उतरवून ठेवा.

खाडीकाठ

उतरवला. रँक आणि ऑर्डर बाय दोन्ही झालं, स्पर्धेचं पान चालू.

शेवटचा प्रश्न. ऑर्डर बाय लावला तरी 'ळ' हा 'ल' नंतर येतो आणि 'क्ष' हा 'क' मध्ये. छापील सूचीत आम्ही ळ, क्ष, ज्ञ शेवटी घेतो. पूर्वीही असंच होतं, आता हात घातलाच आहे तर नीट करावं म्हणतो. मराठीचं वेगळं कोलेशन आहे का?

तपशीलप्रिय

मायएसक्यूएलमध्ये नाही. जनरल_सीआय आणि ०९०० दोन्हीत ळ हा ल ला चिकटूनच राहणार.

पीएचपीच्या इंटल विस्तारात कोलेटर आहे, त्याला 'एमआर' (मराठी) लोकेल द्या. तिथे ळ हा ह नंतर जातो, क्ष-ज्ञ त्याच्यापुढे. 'गेट_सॉर्ट_की' ने प्रत्येक शब्दाची क्रमवारीची किल्ली काढून व्हारबायनरी स्तंभात साठवा आणि त्या स्तंभावर ऑर्डर बाय करा. शब्द बदलला की किल्लीही पुन्हा काढायची. इंटलची आवृत्ती बदलली की सगळ्याच पुन्हा काढायच्या, जुन्या-नव्या मिसळू द्यायच्या नाहीत. आधी कमळ, कमल, कक्ष, कहर असे चार शब्द टाकून तुमच्या छापील क्रमाशी ताडून बघा.

खाडीकाठ

चार शब्द बरोबर लागले. रविवारी सगळ्या सूचीला किल्ल्या काढतो, काही विचित्र निघालं तर इथेच लिहीन.